अव्वल क्रमांकाचा हक्क

पुण्याहून सिंहगडाकडे जाताना वाटेत लागणारे खडकवासला हे गाव बहुतेकांना मुठेवरील धरणामुळे आणि १२ जुलै १९६१ च्या पानशेत प्रलयात ते धरण फुटल्याच्या कटू स्मृतीमुळे ठाऊक असते. परंतु त्या जलाशयाच्या काठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी उभी आहे, जिची कोनशिला ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसली आणि जिचा कारभार डेहराडूनहून हलून जानेवारी १९५५ मध्ये येथे रीतसर सुरू झाला, आणि त्या प्रबोधिनीत विजेता ठरविण्याचा जो एक रिवाज चालत आला आहे, त्याकडे आपल्या क्रीडालेखकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. तेथील छात्र अठरा स्क्वाड्रनांत विभागलेले असतात. मैदानी खेळ, क्रॉसकंट्रीची शर्यत, कवायत, अभ्यास अशा नाना अंगांनी या स्क्वाड्रनांची सत्रभर आपसांत चुरस चालते. आणि सत्राच्या अखेरीस ज्या स्क्वाड्रनची एकूण कामगिरी सर्वांत वरचढ ठरते तिला दीक्षांत संचलनाच्या प्रसंगी ‘चीफ्स ऑफ स्टाफ बॅनर’ हा मानाचा ध्वज बहाल होतो. फुटबॉलमध्ये मागे पडलेली स्क्वाड्रन पोहण्यात किंवा अभ्यासात ती उणीव भरून काढू शकते, मात्र पहिल्या चार स्क्वाड्रनांना शेवटच्या आठवड्यात पुन्हा एकमेकांसमोर उभे करून ‘आता मागचे सारे विसरा, आजच्या दिवशी जो जिंकेल तोच खरा’ असे सांगण्याची तजवीज तेथे नाही.

प्रबोधिनीच्या कुंपणाबाहेरचे जग मात्र नेमके हेच सांगत आले आहे. महिने दोन महिने साखळी सामने खेळायचे, गुणतक्ता तयार करायचा, आणि मग त्यातल्या वरच्या चार, सहा किंवा आठ संघांना बाद फेरीत उतरवून त्या तक्त्याचा निवाडा पुन्हा खुला करायचा, ही पद्धत क्रिकेट, कबड्डी, फुटबॉल या तिन्ही खेळांत आपल्याकडे आता इतकी अंगवळणी पडली आहे की, साखळीत अव्वल आलेल्या संघाचा त्या अव्वलपणावर नेमका हक्क कोणता, हा प्रश्न संघ हरल्याशिवाय कोणी विचारीत नाही. माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर पद्धतीच्या जन्मकथेत आहे. कारण बाद फेरी ही मुळात सदोष गुणतक्त्यावरचा उपाय म्हणून निघाली, आणि रोग बरा झाल्यावरही औषध चालूच राहिले.

या जन्मकथेचा एक ठळक अध्याय इंग्लंडच्या उत्तर भागातील आहे. खेळासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई खेळाडूंना मिळावी की नाही, या कज्ज्यावरून २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात तेथील क्लबांनी रग्बीच्या मूळ संघटनेशी फारकत घेतली आणि पुढे रग्बी लीग या नावाने ओळखला जाणारा स्वतंत्र खेळ उदयास आला. गिरण्यांच्या आणि कोळशाच्या खाणींच्या गावांतल्या या क्लबांची संख्या मोठी, प्रवासाचा खर्च अंगावर येणारा, त्यामुळे प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळणे अशक्य झाले. सामन्यांची संख्याही सर्वांची सारखी नसे, आणि विजयाच्या टक्केवारीवर क्रमांक लावावे लागत. ज्याने दुबळ्या शेजाऱ्यांशी अधिक सामने खेळले तो वर, ज्याच्या वाट्याला बलाढ्य संघ आले तो खाली, अशा तक्त्यावर विजेतेपदाची सनद देणे कोणाच्याच सद्सद्विवेकाला पटेना. म्हणून १९०६-०७ च्या हंगामापासून वरच्या चार संघांत बाद सामने सुरू झाले आणि हॅलिफॅक्सने ओल्डहॅमला हरवून त्या पद्धतीचे पहिले विजेतेपद मिळविले. तेव्हा या सामन्यांमागे तिकीटविक्रीचा लोभ अजिबात नव्हता असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. परंतु न्यायाची बाजू तेव्हा निःसंशय भक्कम होती, कारण ज्या तक्त्यावर विश्वास ठेवता येत नाही त्यातील पहिल्या क्रमांकाला विशेषाधिकार कोणत्या तोंडाने द्यायचा?

आपल्याकडील रणजी करंडकाचा इतिहास याच प्रश्नाची देशी आवृत्ती आहे. १९३४-३५ पासून ही स्पर्धा निव्वळ बाद पद्धतीची होती, आणि पुण्याच्या स. प. महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे ती जिंकली. १९५७-५८ पासून विभागवार साखळी आली, परंतु तिच्यातला नियम असा की प्रत्येक विभागातून एकच संघ बाद फेरीत जावा. पश्चिम विभागात महाराष्ट्राच्या सोबतीला मुंबई होती, आणि १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षे ज्या मुंबईने करंडक सोडला नाही, तिच्या विभागात दुसरे येणे याचा अर्थ कदाचित हिंदुस्थानात दुसरे येणे असा असला, तरी नियमाच्या लेखी तो संघ अन्य विभागांतील तळाच्या संघासारखाच घरी बसविण्याच्या लायकीचा होता. १९७०-७१ मध्ये प्रत्येक विभागातून दोन संघ घेण्याचे ठरले. आणि त्या पहिल्याच वर्षी अंतिम सामन्यात समोरासमोर कोण उभे ठाकले, तर मुंबई आणि महाराष्ट्र! वाडेकर, गावस्कर, सरदेसाई ही बिनीची मंडळी वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर असताना सुधीर नाईक यांच्या मुंबईने चंदू बोर्डे यांच्या महाराष्ट्राला ४८ धावांनी हरविले. महाराष्ट्र हरला हे खरे, तथापि ज्याला आधीच्या नियमाने दारही उघडले नसते तो संघ अंतिम सामन्यात ४८ धावांवर येऊन थांबतो, याहून त्या जुन्या नियमाविरुद्ध दुसरा पुरावा काय हवा? येथे क्रमांकाला मान न देणे अन्यायाचे नव्हते. क्रमांक ज्या मापाने लावला तेच माप विभागाविभागांत निराळे होते.

परंतु प्रत्येक संघ प्रत्येकाशी सारखेच सामने खेळू लागला की ही सबब संपते, आणि मग अव्वल संघाला काय द्यायचे हा खरा पेच उभा राहतो. ऑस्ट्रेलियात या पेचावर विसाव्या शतकाच्या आरंभी जो तोडगा निघाला तो मला आजही सर्वांत खानदानी वाटतो. व्हिक्टोरियातील फुटबॉलमध्ये, आणि पुढे १९२६ पासून सिडनीच्या रग्बी लीगमध्ये, साखळीत पहिल्या आलेल्या संघाला आव्हानाचा अधिकार असे: बाद फेरीत तो हरला तर विजेत्याला पुन्हा एकदा मैदानात बोलावून अखेरचा निकाल मागण्याचा त्याचा हक्क अबाधित राही. आपल्याकडे खालच्या न्यायालयात हरलेला वतनदार जसा वरच्या न्यायालयात अपील घेऊन जाई, तशीच ही दाद होती, आणि ती फक्त एकालाच, म्हणजे पहिल्यालाच, मागता येई. तिच्यात व्यावहारिक खोट होती ती अशी की अव्वल संघ सरळ जिंकत गेला तर तो मोठा अंतिम सामना होतच नसे, आणि न होणाऱ्या सामन्याची तिकिटे कोणाला विकता येत नाहीत. व्हिक्टोरियात १९३१ मध्ये रिचमंड क्लबचे चिटणीस पर्सी पेज यांच्या नावाने ओळखली जाणारी चार संघांची योजना आली: पहिला आणि दुसरा यांची गाठ पडायची, जिंकणारा थेट अंतिम सामन्यात जायचा, आणि हरणाऱ्याला तिसऱ्या-चौथ्यांच्या सामन्यातील विजेत्याशी खेळून दुसरी संधी मिळायची. सिडनीनेही १९५४ पासून आव्हानाचा हक्क मोडीत काढून अंतिम सामना सक्तीचा केला. जो अधिकार एकट्या पहिल्याचा होता तो असा पहिल्या दोघांत समान वाटला गेला; आणि माझी तक्रार जर काही असेल तर ती येथून सुरू होते.

इंग्लंडमध्ये तर अव्वल क्रमांकाची अधिकच विटंबना झाली. १९६४-६५ मध्ये बाद फेरी तब्बल सोळा संघांची केली, तेव्हा तक्त्यात सातव्या आलेल्या हॅलिफॅक्सने पहिल्या आलेल्या सेंट हेलेन्सला अंतिम सामन्यात हरवून विजेतेपद नेले. मधली काही दशके तक्त्यालाच प्रमाण मानून गेली. १९९८ पासून ‘ग्रँड फायनल’ आली, आणि २०११ व २०१२ अशी लागोपाठ दोन वर्षे लीड्सचा संघ पाचव्या क्रमांकावरून विजेता झाला. त्या काळात, म्हणजे २००९ ते २०१४ या वर्षांत, बाद फेरीतील सर्वांत वरच्या क्रमांकाच्या विजेत्याने उपांत्य सामन्यासाठी आपला प्रतिस्पर्धी आपणच निवडावा असा एक विलक्षण अधिकार नियमात होता. २०११ साली अव्वल आलेल्या वॉरिंग्टनने तो बजावला, पाचव्या क्रमांकाचे लीड्स निवडले, आणि स्वतःच्या मैदानावर २६-२४ असा मार खाल्ला. निवडीचा हक्क म्हणजे बक्षीस की सापळा, याचा उलगडा नियमकर्त्यांना तोवर झाला नसावा. ज्याला ‘तुम्ही सोपे’ असे जाहीरपणे सांगितले, तो चवताळून येणार हे तालमीतल्या पोरालाही कळते.

आपल्या आयपीएलमध्ये पहिली तीन वर्षे पहिला विरुद्ध चौथा आणि दुसरा विरुद्ध तिसरा असे साधे उपांत्य सामने होते. २००९ मध्ये चौथ्या आलेल्या डेक्कन चार्जर्सनी अव्वल दिल्लीला बाहेर काढून करंडक नेला. २०१० मध्ये मुंबई वीस गुणांनी पहिली आणि चेन्नई अवघ्या चौदा गुणांनी तिसरी असताना अंतिम सामना चेन्नईने बावीस धावांनी जिंकला. २०११ पासून पेज यांची योजना क्वालिफायर आणि एलिमिनेटर या नावांनी येथे अवतरली, आणि तिचा परिणाम आकड्यांत स्वच्छ दिसतो: २०११ ते २०२५ या पंधरा हंगामांत चौदा वेळा विजेता पहिल्या दोन क्रमांकांतूनच आला, अपवाद एकट्या २०१६ च्या हैदराबादचा, जे तिसऱ्या क्रमांकावरून जिंकले. परंतु त्या चौदांतून पहिले पाच आणि दुसरे नऊ, हा तपशील सहसा कोणी सांगत नाही. पहिल्या दोघांना तिसऱ्या-चौथ्यांपासून संरक्षण मिळाले, हे उत्तमच झाले. पहिल्याला दुसऱ्यावर काडीचाही लाभ मिळाला नाही.

आणि येथे पुणेकरांच्या एका जुन्या दुःखाला हात घालावा लागतो. २०१७ मध्ये रायझिंग पुणे सुपरजायंट हा संघ अठरा गुणांनी दुसरा आला, मुंबई वीस गुणांनी पहिली. पुण्याने मुंबईला गहुंज्यात हरविले, वानखेडेवर तीन धावांनी हरविले, आणि क्वालिफायरमध्ये त्याच वानखेडेवर पुन्हा वीस धावांनी हरविले. मुंबईने कोलकात्याला नमवून दुसरी संधी साधली आणि २१ मे रोजी हैदराबादेत १२९ धावांचा बचाव करीत पुण्याला १२८ वर रोखले. एका धावेने! ज्याला तीनदा चीत केले त्याने चौथ्यांदा गदा नेली, ही कोणती कुस्ती, असा सवाल तेव्हा पेठापेठांतून ऐकू आला, आणि तो भावनेच्या दृष्टीने बिनतोड आहे. मात्र साखळीतील क्रमांकाला किंमत असावी हे तत्त्व एकदा मान्य केले की फैसला मुंबईच्या बाजूने जातो, कारण चौदा सामन्यांच्या समान साखळीत पहिली मुंबईच होती आणि दुसऱ्या संधीवर तिचा हक्क पुण्याहून कमी नव्हता. मुंबईने आमच्याशी हरून इतरांशी जे गुण मिळविले, तेही गुणच. पुणेकराने हे लिहावे याचा काहींना राग येईल. पण आपापसांतील निकाल हाच जर निकष धरायचा, तर साखळी कशाला खेळायची?

क्रमांक आणि करंडक या दोघांचाही मान राखणारा एक समजुतीचा मार्ग फुटबॉलवाल्यांनी काढला. २०१९-२० मध्ये इंडियन सुपर लीगने साखळीत अव्वल येणाऱ्या संघासाठी स्वतंत्र ढाल सुरू केली आणि तिच्याबरोबर आशियाई चॅम्पियन्स लीगमधील प्रवेश जोडला. पहिली ढाल एफसी गोवाने जिंकली, त्याच हंगामात उपांत्य फेरीत चेन्नईकडून हरला, तरीही २०२१ मध्ये त्या स्पर्धेच्या गटफेरीत उतरणारा पहिला भारतीय संघ होण्याचा मान त्याच्याकडून कोणी हिरावून घेऊ शकले नाही. करंडक ज्याचा त्याला, पण वर्षभराच्या कष्टाची नोंद वेगळ्या दप्तरात, ही वाटणी मला शहाणपणाची वाटते. तिच्यात एक धोका आहेच: ढालीला प्रेक्षकांनी करंडकाइतका मान दिला नाही, तर ती कपाटातली शोभेची वस्तू होऊन बसते.

कबड्डीत पुण्याने दोन्ही बाजू अनुभवल्या आहेत. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात अस्लम इनामदारच्या पुणेरी पलटणने ९६ गुणांनी अव्वल येऊन थेट उपांत्य फेरी गाठली आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असे हरवून क्रमांक व करंडक यांचा मेळ घातला. बाराव्या हंगामात, २०२५ साली, पलटण आणि दिल्ली या दोघांचेही २६ गुण झाले. गुणफरकावर पलटण पहिली ठरली. आणि दोघांची गाठ पडली तेव्हा चाळीस मिनिटांचा खेळ बरोबरीत सुटून टायब्रेकरवर दिल्ली अंतिम सामन्यात गेली, पलटणला आणखी एक सामना खेळून तेथे पोहोचावे लागले, आणि ३१ ऑक्टोबरला दिल्लीनेच ३१-२८ असा विजय मिळविला. आयपीएलच्या नियमांत बाद फेरीतला सामना पावसामुळे निकालाविना राहिला तर तक्त्यात वरचा असलेला संघ विजयी ठरतो. आकाशाने खेळ थांबविला तर क्रमांकाचा हक्क मान्य, आणि खेळाडूंनी पूर्ण वेळ झुंजून बरोबरी केली तर मात्र तो हक्क बाद, ही विसंगती कबड्डीच्या नियमकर्त्यांनी तरी दूर करावी. बरोबरी झाली तर वरचा क्रमांक पुढे, एवढे एक वाक्य नियमपुस्तिकेत असते तर त्या रात्री टायब्रेकरची वेळच आली नसती.