क्षयाच्या जिवाणूचे मर्मस्थान : एन्झाइम

क्षयरोगावरील बहुतेक औषधांचा रोख जिवाणूच्या एन्झाइमवर असतो. एन्झाइम, म्हणजेच विकर, हे पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन होय. जगण्यासाठी अनिवार्य असलेले एन्झाइम बंद पडले, की जिवाणूची वाढ थांबते किंवा तो मरतो. मात्र, मानवी पेशींचे कामही एन्झाइमवरच चालते. त्यामुळे जे एन्झाइम माणसात नाही किंवा ज्याची रचना मानवी एन्झाइमपेक्षा पुरेशी वेगळी आहे, तेच औषधाचे सुरक्षित लक्ष्य ठरते.

मेणाचे कवच

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाच्या जिवाणूचा शोध जाहीर केला. या जिवाणूचे कवच मायकोलिक आम्लांमुळे मेणासारखे असते. ही आम्ले मानवी शरीरात तयार होत नाहीत. १९५२मध्ये वापरात आलेले आयसोनियाझिड नेमकी त्यांचीच निर्मिती रोखते. जिवाणूचे 'कॅटजी' हे एन्झाइम या औषधाला क्रियाशील करते आणि मग ते औषध 'इन्हा' या दुसऱ्या एन्झाइमला निष्क्रिय करते. औषध लाखो रुग्णांना दिले गेले, तरी हे लक्ष्य ओळखण्यास १९९४ साल उजाडले. रिफाम्पिसिन आरएनए पॉलिमरेजला, तर इथाम्बुटॉल कवचातील शर्करासाखळ्या जोडणाऱ्या एन्झाइमला अडविते.

औषधे निष्प्रभ का होतात?

जनुकीय बदलामुळे 'कॅटजी' बिघडले, तर आयसोनियाझिड क्रियाशीलच होत नाही. आरएनए पॉलिमरेजची रचना बदलली, तर रिफाम्पिसिन त्याला चिकटत नाही. असे सर्व बदल एकाच जिवाणूत एकदम होणे अत्यंत दुर्मिळ असल्याने अनेक औषधे एकत्र दिली जातात. उपचार अर्धवट सोडल्यास बदल झालेले जिवाणू तगतात आणि फोफावतात. चाचणी केलेल्या सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण मुंबईतील हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी नोंदविल्याने २०१२च्या प्रारंभी देशभर खळबळ उडाली होती.

नव्या लक्ष्यांचा शोध

या जिवाणूचा संपूर्ण जनुकीय आराखडा १९९८मध्ये प्रसिद्ध झाला आणि सुमारे चार हजार जनुके समोर आली. आधी एन्झाइम निवडायचे आणि मग औषध घडवायचे, ही आशा त्यातून बळावली. प्रत्यक्षात परीक्षानळीत एन्झाइमला रोखणारी अनेक रसायने मेणाचे कवच भेदून आत पोहोचू शकली नाहीत. बेडाक्विलिनही जिवंत जिवाणूंवरील चाचण्यांतूनच गवसले. ते ऊर्जानिर्मिती करणाऱ्या एटीपी सिंथेज या एन्झाइमला रोखते, हे नंतर स्पष्ट झाले. अमेरिकेत त्यास डिसेंबर २०१२मध्ये मंजुरी मिळाली.

आता बेडाक्विलिनलाही न जुमानणारे जिवाणू आढळत आहेत. त्यामुळे कवचाच्या बांधणीतील 'डीपीआरई-१' या एन्झाइमला रोखणाऱ्या औषधांच्या मानवी चाचण्यांना महत्त्व आले आहे. नवे लक्ष्य सापडले, तरी ते टिकविण्यासाठी औषधांचा पूर्ण क्रम घेणे अपरिहार्य आहे.