जोडणी टोकन (कुबरनेटीस)

नवे यंत्र कुबरनेटीस क्लस्टरमध्ये सामील होताना त्याची पहिली ओळख पटवणारी अल्पायुषी अक्षरमाला. अधिकृत नाव बूटस्ट्रॅप टोकन. ही सोय कुबरनेटीसच्या 1.18 या आवृत्तीपासून स्थिर मानली जाते. क्लस्टर उभारणीच्या कुबअॅडम या साधनातून ती बहुतेकांच्या परिचयाची झाली.

टोकनाचे दोन भाग असतात आणि मध्ये टिंब. पहिली 6 अक्षरे म्हणजे ओळखक्रमांक, पुढची 16 म्हणजे गुपित. लहान रोमन अक्षरे आणि अंक एवढेच चालतात. ओळखक्रमांक लॉगमध्ये दिसला तरी बिघडत नाही. संपूर्ण टोकन मात्र ‘कुब-सिस्टिम’ या नेमस्पेसमध्ये सिक्रेट म्हणून साठवलेले असते, त्यामुळे तिथली सिक्रेट वाचण्याची मुभा ज्याला आहे त्याच्या हाती टोकनही आहे, असे धरूनच परवानग्या द्याव्या लागतात.

जोडणीत विश्वास दोन्ही बाजूंनी बसावा लागतो. नव्या नोडकडे, म्हणजे सामील होऊ पाहणाऱ्या यंत्राकडे, सुरुवातीला काहीच नसते. म्हणून क्लस्टरचा पत्ता आणि मूळ प्रमाणपत्र असलेली माहिती कोणालाही वाचता येईल अशी ठेवलेली असते आणि तिच्यावर टोकनाच्या गुपिताने सही केलेली असते. सही जुळली की नोड पुढे सरकतो. पण हे गुपित सामायिक आहे: ज्याच्याकडे टोकन आहे तो सही तपासू शकतो, तसाच ती बनवूही शकतो. एखाद्या बदमाशाने खोटा क्लस्टर उभा करून नव्या नोडला फसवू नये, यासाठी जोडणीच्या आज्ञेत मूळ प्रमाणपत्राच्या सार्वजनिक किल्लीचा शा-256 हॅशही दिला जातो. ही तपासणी टाळण्याचा पर्याय आहे. त्याच्या नावातच ‘अनसेफ’ हा शब्द घातलेला आहे आणि तरीही घाईत तो वापरला जातो.

यानंतर नोड स्वतःची किल्ली तयार करतो आणि टोकनाच्या ओळखीवर प्रमाणपत्राची मागणी करतो. कुबअॅडमच्या नेहमीच्या मांडणीत ती आपोआप मंजूर होते. मिळालेले प्रमाणपत्र साधारणतः वर्षभर चालते आणि नोडवर चालणारा क्यूबलेट हा प्रोग्राम ते मुदतीआधी बदलून घेतो. टोकनाचे काम इथे संपते. धोकाही याच टप्प्यावर आहे: टोकन हाती असलेला माणूस आधीपासून असलेल्या नोडच्या नावानेही प्रमाणपत्र मागू शकतो आणि त्या नोडवरच्या कामांची गुपिते मिळवू शकतो. जिथे यंत्रे क्वचितच जोडली जातात तिथे आपोआप मंजुरी बंद करून प्रत्येक मागणी हाताने तपासणे अधिक शहाणपणाचे.

वेगळी मुदत न दिल्यास कुबअॅडमचे टोकन 24 तासांनी कालबाह्य होते आणि कंट्रोलर ते पुसून टाकतो. मुदत शून्य दिली तर टोकन कधीच संपत नाही. यंत्रे आपोआप वाढवणाऱ्या मांडणीत असे अमर टोकन यंत्राच्या प्रतिमेतच कोरून ठेवण्याचा मोह होतो. मग ती प्रतिमा ज्याच्या हाती पडेल त्याला क्लस्टरचे दार उघडे. नवे टोकन आणि जोडणीची अख्खी आज्ञा एकाच वेळी छापून मिळते, त्यामुळे दर वेळी ताजे टोकन काढण्यात फारसा त्रास नाही.

टोकन पुसल्याने आधी आत आलेला नोड बाहेर पडत नाही, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. त्याच्याकडे आता प्रमाणपत्र असते आणि दिलेले प्रमाणपत्र रद्द करण्याची यादी कुबरनेटीस पाळत नाही. नोडची नोंद खोडली तरी क्यूबलेट पुन्हा सुरू झाला की ती परत करू शकतो. संशयित यंत्र बंद करणे किंवा त्याचे नेटवर्क तोडणे हाच जवळचा उपाय. मूळ प्रमाणपत्रच बदलणे हा दूरचा आणि कष्टाचा.

नियंत्रण-नोड जोडण्यासाठी टोकनाखेरीज प्रमाणपत्रांची किल्ली लागते. त्यासाठी क्लस्टरमध्ये चढवलेली प्रमाणपत्रे 2 तासांनी पुसली जातात.

अशी टोकने इतरत्रही आहेत. डॉकर स्वॉर्ममध्ये कामगार आणि व्यवस्थापक यांची टोकने वेगळी असतात. ती बदलेपर्यंत चालू राहतात. के-थ्री-एस या कुबरनेटीसच्या हलक्या आवृत्तीत सर्व्हरचे टोकन जोडणीपुरते नसते: डेटास्टोअरमधली प्रमाणपत्रे आणि किल्ल्या त्यानेच कूटबद्ध केलेल्या असतात. म्हणून बॅकअपसोबत ते टोकनही जपावे लागते. ते हरवले तर बॅकअप असूनही क्लस्टर परत उभा करता येत नाही.