बाडेन-व्युर्टेंबर्ग (एफ-२२२)
जर्मन नौदलाची फ्रिगेट जातीची युद्धनौका. एफ-१२५ वर्गातील चार नौकांपैकी पहिली. बांधणी हॅम्बुर्गला २०११ मध्ये सुरू झाली, १२ डिसेंबर २०१३ रोजी नामकरण झाले. लांबी सुमारे १४९ मीटर, वजन ७,००० टनांहून अधिक. चाचण्यांत दोष आढळल्याने नौदलाने ती बांधणाऱ्यांकडे परत पाठवली. ती सेवेत आली १७ जून २०१९ रोजी.

तिची खरी नवलाई मांडणीत आहे. मायदेशापासून दूर दोन वर्षे राहता यावे, अशी तिची रचना. नौका तिकडेच ठेवायची आणि सुमारे १२० जणांचा ताफा दर चार महिन्यांनी विमानाने बदलायचा. महत्त्वाच्या यंत्रणा दोन वेगळ्या भागांत विभागलेल्या. एकावर मारा झाला तरी दुसरा नौका चालवतो. पुढे १२७ मिलिमीटरची तोफ आहे. हवाई संरक्षण मात्र जवळच्या पल्ल्याचेच, आणि एवढ्या मोठ्या नौकेत ही उणीव गंभीरच म्हणावी लागेल. २०२४ च्या हिंद-प्रशांत मोहिमेत ती ऑक्टोबरमध्ये गोव्याला आली. परतताना तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालून गेली.