कावेरीकाठची थडगी आणि आपली घराणी

म्हैसूरहून बंगळूरच्या जुन्या रस्त्याने निघाले की पंधराएक किलोमीटरवर कावेरीचे फाटे लागतात आणि त्यांच्या मधोमध श्रीरंगपट्टणचे बेट. बाहेरून आलेला माणूस रंगनाथाचे देऊळ पाहतो, टिपूचा दर्यादौलत महाल पाहतो, गुंबजापाशी जाऊन येतो आणि संध्याकाळच्या आत म्हैसूरला परततो. नदीच्या अंगाला आणखी एक आवार आहे, तिकडे फारसे कोणी वळत नाही. त्याचे नाव गॅरिसन सेमेटरी, म्हणजे गोऱ्या फौजेची दफनभूमी. सुमारे तीनशे थडगी. काही निमुळत्या मनोऱ्यांसारखी, काही पेटीसारखी, काहींचा नुसता चौथरा उरलेला.

दफनभूमीत शिरलेला माणूस आधी नावे वाचतो. पण घराण्यांचा शोध घ्यायचा असेल तर आधी साल वाचावे, मग वय आणि मग नाव. साल वाचले की या जागेची गोष्ट लागू लागते. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू लढताना मारला गेला. राजधानी म्हैसूरला गेली. बेटावर उरली ती इंग्रजांची छावणी आणि ओसरत जाणारे शहर. फ्रान्सिस बुकानन १८०० साली इथे आला. टिपूच्या वेळी दीड लाख माणसे असलेल्या बेटावर आता बत्तीसेक हजार उरली आहेत, असा त्याचा अंदाज होता. पुढे हिवतापाने छावणीही टिकू दिली नाही. बंगळूरला १८०९ मध्ये नवी छावणी वसली आणि फौजेचे ठाणे तिकडे हलले. तेव्हा इथली बरीच माणसे तोफेने मेलेली नाहीत. त्यांना तापाने, पटकीने आणि बाळंतपणाने नेले. मुंबई-सुरतेकडे आलेले इंग्रज सतराव्या शतकातच म्हणत असत की इथे माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे. श्रीरंगपट्टणला त्याहून फार बरी स्थिती नव्हती.

या आवारातल्या थडग्यांचा एक मोठा गट इंग्रजांचा नाही, स्विस लोकांचा आहे. शार्ल-दान्येल द म्यूराँ नावाच्या सरदाराने १७८१ साली न्यूशातेल या डोंगरी मुलखात एक भाडोत्री पलटण उभी केली आणि ती डच ईस्ट इंडिया कंपनीला दिली. पलटण आधी केप ऑफ गुड होपला गेली, मग सिलोनला. १७९५ साली ह्यू क्लेगहॉर्न नावाच्या स्कॉटिश प्राध्यापकाने न्यूशातेलला जाऊन मालकाशी गुपचूप सौदा केला आणि अख्खी पलटण डचांच्या चाकरीतून इंग्रजांच्या चाकरीत आली. चार वर्षांनी तीच पलटण श्रीरंगपट्टणच्या तटावर चढणाऱ्या फौजेत होती. आल्प्सच्या पायथ्याचा पोरगा कावेरीच्या काठी पुरला गेला, त्यामागे असा एक करारनामा आहे. थडग्यावर अर्थात करारनामा कोरत नाहीत.

पलटणीची वाट इथे संपत नाही. हिंदुस्थानातून ती भूमध्य समुद्राकडे गेली, तिथून १८१३ मध्ये कॅनडात, आणि १८१६ साली मोडली. त्यातल्या काही शिपायांना लॉर्ड सेल्कर्कने रेड रिव्हरच्या काठी, आजच्या मॅनिटोबात, वसाहत करायला नेले. तिकडच्या इतिहासात ‘द म्यूराँ’ हे मूळ वसाहतकऱ्यांतले एक नाव आहे. १८२६ च्या महापुरानंतर त्यांतले बहुतेक अमेरिकेकडे निघून गेले. अर्थात तोवर पलटणीतली माणसे बरीच बदलली होती. श्रीरंगपट्टणला लढलेला शिपाईच रेड रिव्हरला नांगर धरून उभा राहिला, असे समजायचे कारण नाही. पण पलटणीचे नाव तेच होते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात द म्यूराँ घराण्याच्या वंशजांनी पुढाकार घेऊन या दफनभूमीची डागडुजी करवली. दोनशे वर्षांनी कोणीतरी न्यूशातेलच्या नावाने इथे चुना-सिमेंट घेऊन आले, ते दगडावर नाव शाबूत होते म्हणून.

दगडापाशी थांबून भागत नाही, हे शिकवणारे थडगेही याच आवारात आहे. कॅरोलिन इझाबेला स्कॉट ही १८१७ साली इथे वारली. तिचा नवरा कर्नल स्कॉट नदीकाठच्या एका बंगल्यात राहत असे. आजही तो ‘स्कॉटचा बंगला’ म्हणूनच ओळखला जातो. आख्यायिका अशी की, कर्नल दौऱ्यावरून परतला तो बायको-मुले पटकीने गेलेली. त्याने घर होते तसे सोडले आणि तो कुठे गेला ते कोणाला कळले नाही. म्हैसूरच्या महाराजांनी म्हणे बंगला तसाच राखण्याचा हुकूम दिला. या कथेवर इंग्रजीत कवितादेखील झाली. दगडाची साक्ष साधी आहे: एक बाई, एक साल, आणि बाळंतपणातला मृत्यू. आख्यायिकेने तिचे दुःख नवऱ्याच्या नावावर लावले. बंगलाही त्याचाच म्हणून उरला. तिचे स्वतःचे नाव मात्र फक्त थडग्यापाशी भेटते.

म्हणून शोध घेणारा दगडावरून कागदाकडे जातो. मद्रास इलाख्यातल्या गोऱ्यांचे बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने यांच्या नोंदी १६९८ पासून लंडनला पाठवल्या जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ज्युलियन जेम्स कॉटन या सनदी अधिकाऱ्याने मद्रास इलाख्यातल्या थडग्यांवरचे लेख गोळा करून १९०५ साली छापले. १९७६ मध्ये लंडनला दक्षिण आशियातल्या दफनभूमींसाठी एक संस्था निघाली आणि असे लेख उतरवून घेण्याचे काम ठिकठिकाणी सुरू झाले. नोंदी चाळताना ‘श्रीरंगपट्टण’ शोधून उपयोग नाही, ‘सेरिंगपटम’ शोधावे लागते. आणि अशा नोंदीत पोराचा बाप नावानिशी लिहिलेला असतो, तर आई इथली असेल तर पुष्कळदा नुसती ‘नेटिव्ह बाई’. तिला ना दगड, ना नाव. या आवारातल्या कितीतरी माणसांचा संसार जिने केला, तिच्यासाठी कागदावर दोन शब्द.

तिच्यासारखीच बिनदगडाची माणसे आपल्याकडचीही आहेत. त्यांचा शोध घ्यायला निघालो की मराठी वाचकाला या आवाराबाहेर पडावे लागते, पण फार लांब नाही. टिपूविरुद्धच्या मोहिमेत मराठी फौज याच नदीपर्यंत आली होती. १७९१ च्या मेअखेरीस हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन मेलुकोट्याजवळ कॉर्नवॉलिसला भेटले. इंग्रजांचे बैल मेले होते, दाणागोटा संपला होता, मोठ्या तोफा त्यांनी स्वतःच निकामी केल्या होत्या. मराठ्यांच्या बाजारातले धान्य विकत घेऊन ती फौज जगली. पुढल्या वर्षी श्रीरंगपट्टणला वेढा पडला आणि मार्चमध्ये तह झाला. त्या छावणीत मेलेल्या मराठी माणसांसाठी तीनशे थडग्यांचे आवार नाही. आपण चिता रचतो, तिसऱ्या दिवशी अस्थी वेचतो आणि त्या नदीत सोडतो.

त्याच मोहिमेतली आणखी एक गोष्ट आपल्या घराण्यांच्या वृत्तांतांत सहसा सापडत नाही. १७९१ साली परशुरामभाऊंच्या सैन्याबरोबरच्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला. शृंगेरीच्या स्वामींना टिपूने पाठवलेली कन्नड पत्रे १९१६ साली म्हैसूरच्या पुराणवस्तू खात्याचे आर. नरसिंहाचार यांना मठात मिळाली, आणि मूर्तीच्या पुनःस्थापनेसाठी टिपूने पैसा आणि धान्य पाठवल्याचे त्यांतून उघड झाले. गोऱ्यांच्या थडग्यावर ‘शूर’ कोरतात, आपल्या कुळवृत्तांतात ‘पराक्रमी’ लिहितात. दोन्हीकडे लिहिणारे घरचेच असतात. लुटीची साक्ष ज्याचे लुटले गेले त्याच्या दप्तरात राहते.

एक माणूस तर केवळ एका तळटिपेत उरला आहे. धोंडजी वाघ हा चन्नगिरीकडचा मराठा. टिपूच्या कैदेत श्रीरंगपट्टणला होता. शहर पडले त्या गडबडीत तो सुटला, त्याने फौज जमवली आणि स्वतःला दोन्ही लोकांचा राजा म्हणवून घेतले. कर्नल आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, वर्षभर त्याच्या मागावर होता. १० सप्टेंबर १८०० रोजी कोनगलच्या लढाईत धोंडजी पडला. त्याच्या सामानसुमानात चारेक वर्षांचा मुलगा सापडला, सलाबत खान. वेलस्लीने त्याला आपल्या तंबूत आणवले, सांभाळले आणि हिंदुस्थान सोडताना त्याच्यासाठी काही रक्कम श्रीरंगपट्टणच्या कलेक्टराकडे ठेवली. मुलगा मोठा होऊन म्हैसूरच्या राजाच्या चाकरीत लागला आणि १८२२ साली पटकीने वारला. एवढा सगळा जन्म आपल्याला कळतो तो १८३० च्या दशकात छापलेल्या वेलिंग्टनच्या पत्रव्यवहारातल्या टिपेमुळे. कॅरोलिन स्कॉट आणि सलाबत खान यांच्या मृत्यूंत अवघे पाच वर्षांचे अंतर. एकीला दगड मिळाला, दुसऱ्याला छापील कागदाच्या पायाशी चार ओळी.

मराठी घराण्याची खूण दगडात शोधायचीच असेल तर धोंडजीच्याच चन्नगिरी तालुक्यात जावे. तिथल्या होदिगेरे गावाजवळ २३ जानेवारी १६६४ रोजी शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे भोसले वारले. त्यांची समाधी तिथे शेताशिवारात आहे. बंगळूरची जहागीर त्यांना १६३८ च्या सुमारास मिळाली होती. त्यांच्या एका मुलाने रायगड गाठला. दुसरा, एकोजी, बंगळूरहून निघून १६७५-७६ च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसला. पुढे बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे तीन लाखांना गेले. या घराण्याने आपला वृत्तांत थडग्यावर लिहिला नाही, देवळावर लिहिला. श्रीरंगपट्टण पडल्यानंतर चार वर्षांनी, १८०३ मध्ये, दुसऱ्या सरफोजींनी तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरवून घेतले. राज्य हातातून गेलेल्या राजाने पूर्वजांची यादी दगडाच्या हवाली केली. त्या घटकेला त्याच्या हाती तेवढेच उरले होते, असेही म्हणता येईल.

तंजावरची मराठी घराणी शंभर वर्षांनी पुन्हा वर, म्हैसूरकडे आली. तलवार घेऊन नव्हे, कायद्याची आणि कारभाराची पदवी घेऊन. म्हैसूरचे दिवाण व्ही. पी. माधवराव (१९०६ ते १९०९) आणि त्यांच्यामागून आलेले टी. आनंदराव (१९०९ ते १९१२) ही दोघे तंजावरी मराठी. आनंदरावांचे वडील सर टी. माधवराव हे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण. आद्याक्षरातला ‘टी’ तंजावरचा. अशा घरांत एक अक्षरच कधीकधी गावाची खूण असते, आणि स्वयंपाकघरात बोलली जाणारी, तमिळ-कन्नडात मुरलेली मराठी ही दुसरी.

ज्या घरांना ना दिवाणगिरी मिळाली ना समाधी, त्यांचे काय? तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथे कोणी पिंडदानाला गेले असेल तर त्याचे, बापाचे, आजाचे आणि गावाचे नाव वहीत उतरलेले असते. इनामाच्या सनदा आहेत, मोडीतले हिशेब आहेत. आणि खेड्याच्या वेशीवर वीरगळ आहेत. म्हैसूरच्या मुलखात गुरे राखताना, गाव राखताना पडलेल्या माणसाचा दगड उभा करायची रीत गोऱ्यांच्या आधी हजारएक वर्षांची आहे. शेजारी हात उंचावलेली, बांगड्या ल्यालेली मास्तीकल्लू, म्हणजे आपली सतीशिळा. बी. एल. राइस यांनी ‘एपिग्राफिया कर्नाटिका’च्या खंडांत म्हैसूर मुलखातले हजारो लेख उतरवून घेतले, त्यांत असे दगड पुष्कळ आहेत. एखाद्या शेताच्या बांधावर कुळाचा मूळपुरुष म्हणून शेंदूर लावलेला दगड दिसला तर तो आधी नीट धुऊन वाचावा. तो दुसऱ्याच कोणाचा निघण्याचीही शक्यता असते.

श्रीरंगपट्टणच्या आवारात परत येऊ. तिथली अक्षरे पावसाने पुसत चालली आहेत. कॉटनने जे १९०५ मध्ये छापले ते सगळेच आज दगडावर वाचता येईल असे नाही. म्हणून कोणी तिथे जाणार असेल तर सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर जावे; तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरे उठून दिसतात. दगड खरवडू नये, खडू लावू नये. फोटो काढावा, लेख जसाच्या तसा वहीत उतरवावा, चुकीचे हिज्जेसुद्धा. आणि त्याच वहीत पुढच्या पानावर आपल्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून चार पिढ्यांची नावे लिहावीत. पुरुषांची नावे ती भराभर सांगेल. मग तिच्या आजीचे, पणजीचे माहेरचे नाव विचारावे. तिथे ती थांबेल. कॅरोलिन स्कॉटचे नाव दोनशे वर्षे टिकले, कारण ती गेली त्या वर्षीच कोणीतरी ते लिहून ठेवले. आपल्या पणजीसाठी दगड कोणी उभारला नाही. वहीतले एक पान तेवढे अजून आपल्या हाती आहे.