तोडलेली शिंदी परत का फुटली नाही?



डोंगरकड्याच्या बैठकीत हळदीच्या बेण्याविषयी बोलणं चाललं होतं. तेवढ्यात एका शेतकऱ्यानं विचारलं, "साहेब, आमच्या ओढ्याला आजोबांच्या काळी शिंदीचं बन होतं. ते तोडलं. बाभूळ तोडली तरी फुटते, लिंब फुटतो. मग शिंदी का नाही फुटली?" प्रश्न साधा, पण उत्तरासाठी थोडा इतिहास सांगावा लागतो आणि थोडं झाडाविषयीही बोलावं लागतं.

आधी इतिहास. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. त्याआधी हा भाग परभणी जिल्ह्यात आणि १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या तिजोरीत अबकारीचा, म्हणजे दारू-शिंदीवरच्या कराचा, वाटा मोठा होता. शिंदीचा रस काढायचा हक्क लिलावात गुत्तेदार घ्यायचा. पिणाऱ्याचा संसार बुडायचा आणि पैसा सरकारजमा व्हायचा.

१९४७ साली देश स्वतंत्र होत होता, पण निजाम भारतात यायला तयार नव्हता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसनं ७ ऑगस्ट १९४७ ला 'भारतात सामील व्हा' हा लढा सुरू केला. पुढं त्यात शिंदीची झाडं तोडण्याचा कार्यक्रम आला. मराठवाड्यात सत्याग्रही कुऱ्हाडी घेऊन निघाले. त्यांचं झाडाशी वैर नव्हतं. सरकारचं उत्पन्न तोडायचं होतं. त्यापायी लोक तुरुंगात गेले. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ तारखेला निजाम शरण आला.

राज्य गेलं, पण बन परत आलं नाही. असं का? बाभळीच्या बुंध्यात झोपलेले डोळे असतात, वरून तोडलं की ते जागे होतात. शिंदी ही ताड-नारळाच्या कुळातली. तिला वाढीचा एकच कोंब, तोही शेंड्याच्या गाभ्यात. तो गेला की झाड संपलं. खारकेच्या झाडाला बुडाशी पिल्लं तरी येतात, शिंदीला तीही येत नाहीत. ती वाढते फक्त बियांपासून. पाखरं आणि कोल्हे पिकली शिंदोळं खाऊन बिया टाकतात, त्यातून नवी रोपं येतात. पण काठच नांगरला, बांध जाळला, ओढा यंत्रानं खरवडला, तर रोप जगणार कुठं? लढ्यात तुटलेली झाडं मोजकी म्हणा. उरलेली आपणच रोज थोडी थोडी संपवतो आहोत.

कोणी म्हणेल, दारूचं झाड, गेलं ते बरं झालं. पण याच झाडाच्या ताज्या रसाचा बंगालात हिवाळ्यात गूळ करतात. आपल्याकडं लक्ष्मीपूजनाला जी केरसुणी पुजतो, ती शिंदीच्या पानांची. फडे, केरसुण्या, चटया विणून अनेकांची घरं चालतात. पानं मिळेनात म्हणून त्यांना लांब लांब हिंडावं लागतं. विहिरीवर झुकलेल्या शिंदीला सुगरणीचे खोपे लोंबतात. आणि तिच्या दाट मुळ्या ओढ्याची माती धरून ठेवतात, ते तर आपल्याच फायद्याचं.

लावायची कशी, ते ऐका. उन्हाळ्याच्या शेवटी पिकलेली शिंदोळं गोळा करा. गर काढून बिया दोन-तीन दिवस पाण्यात भिजवा, पाणी रोज बदला. खोल पिशवीत माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत भरून बी बोटाच्या एका पेराएवढं खोल लावा. उगवायला दोन-तीन महिने लागतात, धीर सोडू नका. आधी मूळ खोल जातं, म्हणून उथळ पिशवी चालत नाही. पुढच्या पावसाळ्यात ओढ्याकाठी किंवा पडीक बांधाला दहा-बारा फुटांवर दोन फुटांचे खड्डे घेऊन रोपं लावा. पहिले दोन उन्हाळे अधूनमधून पाणी द्या आणि जनावरांपासून राखा. नर-मादी झाडं वेगळी असतात आणि फुलोऱ्याशिवाय ओळखत नाहीत, म्हणून दहा-बारा रोपं तरी लावा.

पानं काढताना खालचीच काढा, शेंड्याला हात लावू नका. देठाचे काटे विषारी नसले तरी खोल रुततात, जपून काम करा. जवळ उकिरडा ठेवू नका; त्यात गेंड्या भुंगा वाढतो आणि शेंडा पोखरतो. रस काढायला दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो, हेही लक्षात ठेवा.

त्या शेतकऱ्याला मी एवढंच सांगितलं, "आजोबांच्या पिढीनं तोडली, ती त्या वेळी बरोबरच होती. आता लावायची पाळी आपली." पुढच्या बैठकीला त्यांनी रुमालात बांधून शिंदोळं आणली. बिया आम्ही वाटून घेतल्या. तुमच्या ओढ्याला एखादी शिंदी उरली असेल, तर तिच्या बिया यंदा वाया घालवू नका.