अर्धी रिकामी बोट

३१ जुलै २०११ हा रविवार होता, आणि ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेप्रमाणे संत इग्नाशिअस लोयोला यांचा स्मरणदिन. पावसाळी सकाळ होती. मिस्साहून परतणाऱ्यांच्या तोंडी त्या दिवशी प्रवचनापेक्षा एका बोटीचीच चर्चा अधिक होती. जुहू-वर्सोव्याच्या किनाऱ्यावर रात्रीतून एक बोट येऊन रुतली होती. छत्र्या सावरत आम्हीही गर्दीबरोबर वाळूत जाऊन उभे राहिलो. बोट मोठी होती, सुमारे पंच्याहत्तर मीटर लांब आणि हजार टनांच्या आसपास वजनाची. डेकवर मात्र माणूस नव्हता. खाली दोरी सोडणारा कोणी नव्हता की वरून हात हलवणारा कोणी नव्हता.

तिचे नाव होते ‘पवित’. तेल वाहून नेणारी ही बोट जूनच्या अखेरीस ओमानच्या समुद्रात असताना तिच्या इंजिनघरात पाणी शिरले. तिच्यावरील तेराही भारतीय खलाशांची ब्रिटिश युद्धनौकेच्या साहाय्याने सुटका झाली व ते सुखरूप गुजरातेत पोहोचले. बोट बुडालीच, असे धरले गेले. ती बुडाली नाही. नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर आणि पावसाळी प्रवाहावर स्वार होऊन, सुकाणूवर कोणाचाही हात नसताना, जवळजवळ एक महिना तिने अरबी समुद्र ओलांडला आणि जुहूची वाळू गाठली. २००८ च्या नोव्हेंबरातील हल्ल्याला तीन वर्षेही झाली नव्हती. समुद्रमार्गे आलेल्या त्या दहशतीनंतर किनाऱ्यावर जो कडक पहारा बसला, असे आपण ऐकत होतो, त्याला एवढी मोठी बोट वाळूला लागेपर्यंत दिसली नाही, ही गोष्ट त्या वेळी अनेकांना झोंबली, आणि ती झोंबावयासच हवी होती.

याच किनाऱ्यावर त्याच वर्षी १२ जूनला, पेंटेकॉस्टच्या रविवारी, ‘विस्डम’ नावाचे सुमारे नऊ हजार टनांचे मालवाहू जहाज येऊन रुतले होते. कोलंबोहून अलंगला, म्हणजे मोडीत निघण्यासाठी, ते ओढून नेले जात असताना दोर तुटला. तेही निर्मनुष्यच होते. रिकाम्या जहाजाचे एक वैशिष्ट्य असे की ते पाण्यावर उंच तरंगते. पोटात माल नसला म्हणजे बुडाशी भार हवा, म्हणून टाक्यांत समुद्राचेच पाणी भरून घेतात. एरवी उघड्या पडलेल्या त्या उंच पाठीवर वारा शिडासारखा बसतो आणि जहाज वाऱ्याच्या मनाप्रमाणे जाते. भरलेले जहाज जड असले तरी आज्ञेत असते.

आमच्या मनात मात्र त्या सकाळी दुसऱ्याच बोटी आल्या. पूर्णपणे रिकाम्या नव्हेत, अर्ध्या रिकाम्या. त्या रिकाम्या होण्याचे एक मूळ याच जुहूच्या वाळूत आहे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

युरोपातून आपल्या किनाऱ्याकडे येणारी गलबते एके काळी खच्चून भरलेली असत. ‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स यांचेच उदाहरण घ्या. ४ एप्रिल १५७९ रोजी पाच गलबतांच्या ताफ्याबरोबर ते लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला उतरले. सहा महिन्यांहून अधिक काळ पाण्यावर! गोव्यात पोहोचल्यावर १० नोव्हेंबरला त्यांनी वडिलांना लिहिलेले पत्र सुदैवाने उपलब्ध आहे. वाटेत दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली, असे त्यात नमूद आहे. इतर वर्षांच्या मानाने ही हानी थोडीच समजली गेली, असेही ते लिहितात. हिरड्या सुजणे, अंग फुगणे, हा ताजे अन्न न मिळाल्याने होणारा रोग त्यांनी जवळून पाहिला. मराठीला मोगरीची उपमा देणारा हा कवी ज्या वाटेने आपल्याकडे आला, ती वाट अशी होती. आपण ‘ख्रिस्तपुराण’ वाचतो, पण ते पत्र क्वचितच.

१८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला आणि आफ्रिकेचा वळसा चुकला. वाफेच्या बोटींनी महिन्यांचे आठवडे केले. विलायतेची टपाल, अधिकारी, व्यापारी, विद्यार्थी आणि आमचे मिशनरी धर्मगुरू हे सारे मुंबईच्या धक्क्यावर उतरू लागले. या वाहतुकीवर ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी होती. तिला पहिले मोठे आव्हान दिले ते ‘लॉयल्टी’ या बोटीने. १८९१ साली बांधलेली ही बोट मूळची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती जखमी सैनिकांसाठी रुग्णालय-बोट म्हणून चालवली. पुढे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदी मंडळींनी ती विकत घेऊन सिंदिया कंपनी स्थापन केली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून पाळला जातो. बोट जुनी होती. अवघ्या चार वर्षांत ती मोडीत निघाली. कंपनी मात्र टिकली.

याच नरोत्तम मोरारजींचा बंगला जुहूला होता. १९२४ साली तुरुंगात असताना शस्त्रक्रिया होऊन सुटलेले गांधीजी प्रकृती सुधारण्यासाठी येथे येऊन राहिले आणि दीनबंधू अँड्र्यूज त्यांच्या सोबतीला होते. त्या काळचे जुहू डोळ्यांपुढे आणायला हवे. एकोणिसाव्या शतकात ते साष्टीच्या पश्चिमेला वाळूचे एक निमुळते बेटच होते आणि ओहोटीला खाडी पायी ओलांडून तेथे जावे लागे. भंडारी, कोळी, आगरी व कुणबी यांची वस्ती आणि १८५३ चे संत जोसेफांचे चर्च, ज्याच्या नावाने आजही तेथील रस्ता ओळखला जातो. बोटींच्या कंपनीचा एक धनी या वाळूत हवा खायला येत होता. बोटींचा प्रतिस्पर्धी याच वाळूत जन्म घेणार होता.

१९२८ साली जुहूला विमानतळ झाला. विमानतळ म्हणजे मोकळे मैदान, पावसाळ्यात चिखलाने भरणारे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे एक चिमुकले विमान घेऊन येथे उतरले. त्यात प्रवासी नव्हता, फक्त टपालाची थैली होती. विलायतेहून कराचीपर्यंत ती टपाल विमानानेच आली होती. त्या थैलीचा अर्थ पुष्कळांना उशिरा कळला. प्रवासी बोटींना उतारूंच्या तिकिटांइतकाच टपालाच्या सरकारी कंत्राटाचा आधार असे. आधी पत्रे आकाशमार्गाने गेली, मग पत्रे लिहिणारे.

स्वातंत्र्यानंतर ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले. तरीही बोटींनी हार मानली नव्हती. १९५३ साली इटलीच्या लॉयड त्रिएस्तिनो कंपनीने ‘एशिया’ आणि ‘व्हिक्टोरिया’ या दोन नव्या कोऱ्या, शुभ्र बोटी पूर्वेच्या मार्गावर आणल्या. प्रत्येकी सुमारे ११,७०० टन वजन आणि चारशेहून अधिक उतारूंची सोय. मुंबईहून सुएझमार्गे इटलीला पोहोचायला दोन आठवड्यांच्या आत-बाहेर. रोमला शिकायला निघालेला सेमिनेरियन आणि त्याला निरोप द्यायला बॅलार्ड पिअरवर जमलेले त्याचे गणगोत, हे दृश्य आपल्या अनेक घरांतील जुन्या फोटोंत सापडेल. त्याच १९५३ च्या जुलै महिन्यात एक विलक्षण घटना घडली. सांताक्रूझला उतरायचे एक ब्रिटिश कॉमेट जेट विमान चुकून जुहूच्या तोकड्या धावपट्टीवर उतरले! नव्या बोटींच्या पहिल्याच वर्षी त्यांना रिकामे करणारे यंत्र वाट चुकून कोळ्यांच्या वस्तीशेजारी येऊन उभे राहिले, याला योगायोगच म्हणावे लागेल.

पुढचा इतिहास उतरणीचा आहे. १९६० साली एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आले. १९६४ च्या डिसेंबरात युखरिस्तिक काँग्रेससाठी पोप पॉल सहावे मुंबईला आले, तेही एअर इंडियाच्या विमानाने. १९६६ मध्ये अँकर लाइनची लिव्हरपूल–मुंबई प्रवासी वाहतूक संपली. तोवर पूर्वेकडील वाटेवर निदान कालवा उघडा होता. १९६७ च्या जूनमध्ये युद्धामुळे तोही बंद झाला आणि आठ वर्षे बंदच राहिला. बोटींना पुन्हा फादर स्टीफन्स यांच्याच वाटेने, आफ्रिकेला वळसा घालून जावे लागले. घाईचा माणूस बोटीला पारखा झाला तो कायमचा.

अर्धी रिकामी बोट ही स्वस्तात चालत नाही. चारशे उतारू असोत वा दोनशे, भट्टीला तेवढेच तेल लागते, सुकाणूवर तेवढेच डोळे लागतात, स्वयंपाकघर सुरूच ठेवावे लागते. १९७३ नंतर तेल महागले आणि उरलासुरला हिशोब बसेनासा झाला. कंटेनर आल्यावर माल वेगळ्या जहाजांकडे गेला. या बोटींचे बटलर, आचारी, वादक, कपडे धुणारे आणि इस्त्री करणारे यांत गोव्याचे आणि आपल्या उपनगरांतील कॅथलिक पुष्कळ होते. धोबी तलावाच्या आसपास गोवेकरांचे ‘कूड’ याच माणसांच्या ये-जा करण्यावर उभे होते. बोट मोडीत निघते तेव्हा वर्तमानपत्रांत तिचा फोटो येतो. तिच्यावरील आचाऱ्याचा येत नाही.

दोन बहिणी-बोटींचे पुढे काय झाले ते सांगण्याजोगे आहे. ‘एशिया’ विकली गेली आणि तिच्यातून मेंढ्यांची वाहतूक होऊ लागली. ‘व्हिक्टोरिया’ १९७८ मध्ये एका ख्रिस्ती सेवासंस्थेने विकत घेतली, तिचे रुग्णालय केले आणि नाव ठेवले ‘अनास्तासिस’, म्हणजे ग्रीक भाषेत पुनरुत्थान. संस्थापकाचे आडनाव योगायोगाने स्टीफन्सच. पहिल्या वर्गाच्या उतारूंनी जेथे जेवणानंतर नृत्य केले, त्या बोटीवर आफ्रिकेतील गरिबांच्या डोळ्यांवर आणि फाटलेल्या ओठांवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या. उतारू संपले म्हणून बोट रिकामी झाली असे जे आपण म्हणतो, ते या एका बोटीपुरते तरी खरे ठरले नाही. २००७ साली ती अलंगच्या वाळूवर चढली.

अलंगलाच मुंबईची अलीकडची एक बोट गेली. ‘कर्णिका’ ही सुमारे सत्तर हजार टनांची, १९९० साली बांधलेली विहारनौका २०१९ च्या एप्रिलमध्ये मोठ्या थाटात मुंबईहून फिरू लागली. वर्षभरात करोनाची साथ आली, उतारू उतरले, आणि २०२० संपण्यापूर्वीच लिलाव होऊन ती मोडीत निघाली. अशा वेळी आपण ‘जहाज रिकामे झाले’ असे सहज म्हणतो. पण उतारू गेले तरी खलाशी राहतो. त्या वर्षी जगभर लाखो खलाशी करार संपूनही घरी परतू शकले नाहीत. बंदरात नांगर टाकलेल्या दिवाबत्तीच्या नगरात त्यांनी महिने काढले.

ख्रिस्तसभा जुलैच्या दुसऱ्या रविवारी ‘समुद्र रविवार’ पाळते आणि दर्यावर्दींसाठी प्रार्थना करते. त्यांच्यासाठीचे धर्मकार्य १९२० साली ग्लासगो येथे सुरू झाले. २०११ साली तो रविवार १० जुलैला आला. त्या दिवशी आम्ही नेहमीप्रमाणे ती प्रार्थना म्हटली असणार, आणि त्याच वेळी ‘पवित’ कोणी नसलेल्या समुद्रात, कोणी नसताना, आमच्या दिशेने येत होती. प्रार्थना करताना तेरा खलाशी घरी पोहोचल्याचे आम्हांला ठाऊक नव्हते, आणि बोट येत असल्याचेही.

‘पवित’ पंधरा दिवस वाळूत होती. चणे-शेंगदाणेवाल्यांचा धंदा चांगला झाला, मुलांनी तिच्यासमोर उभे राहून फोटो काढून घेतले. ‘विस्डम’ला सोडवायला तीन आठवड्यांच्या आसपास लागले होते. ही हलकी होती. १५ ऑगस्टला, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी, भरतीच्या पाण्यावर टगबोटींनी तिला वाळूतून ओढून काढले. आम्ही संध्याकाळी गेलो तेव्हा बोटीच्या जागी पाण्याने भरलेला एक लांबट खड्डा उरला होता आणि काही कोळी मुले त्यात मासे शोधत होती.