चिमटीतली तार
रक्तवाहिन्यांतील उपचारांचा इतिहास सहसा नळ्या, फुगे आणि स्टेंट यांच्या क्रमाने सांगितला जातो; त्या चालवणाऱ्या बोटांची दखल त्यात क्वचितच घेतली जाते. स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत धमनीत सुई टोचायची, सुईतून तार आत सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून कॅथेटर, म्हणजे पोकळ लवचीक नळी, पुढे न्यायची असा क्रम होता. १९७७ मध्ये अँड्रियास ग्रुंटझिग यांनी झुरिकला हृदयाच्या अरुंद धमनीत फुगा फुगवला, आणि पुढे त्या कामातही वाट काढण्याची जबाबदारी तारेकडेच आली. ही तार जेमतेम ०.३६ मिलिमीटर जाडीची असते. तिचे टोक किंचित वाकवलेले असते आणि चिमटीतल्या छोट्या पकडीने ती सरकवता सरकवता पिळली की टोक हव्या त्या शाखेकडे वळते. सरकवणे आणि पिळणे या बोटांच्या लेखी दोन वेगळ्या क्रिया नसतातच.

हे सारे क्ष-किरणांच्या उजेडात, अंगावर शिशाचा जड एप्रन घालून चालते, आणि तार चालवणाऱ्या यंत्राची गरज मुळात रुग्णापेक्षा डॉक्टरच्या पाठीला व किरणांपासूनच्या बचावाला भासली, हे नोंदवायला हवे. इस्राएलमधील हैफा येथे राफाएल बेयार यांच्या गटाने दुरून तार चालवणारे यंत्र १८ रुग्णांवर वापरून २००६ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातूनच पुढे आलेल्या ‘कॉरपाथ २००’ या यंत्राला अमेरिकेत २०१२ मध्ये परवानगी मिळाली. शिसे बसवलेल्या केबिनमध्ये डॉक्टर बसलेला, समोर पडदे, हाताशी जॉयस्टिक. १६४ रुग्णांच्या चाचणीत डॉक्टरला पोहोचणारे किरण टेबलापाशी मोजलेल्या मात्रेपेक्षा ९५ टक्क्यांनी कमी भरले.

मात्र चिमटीतली एकसंध हालचाल जॉयस्टिकवर फुटली: पुढे ढकलले की तार सरकते, बाजूला वळवले की ती फिरते. तार अडली की बोटांना जाणवणारा सूक्ष्म अडथळा इथे पोहोचत नाही. टोक वाकलेले पडद्यावर दिसते तेव्हाच तो कळतो, म्हणजे स्पर्शाचे काम डोळ्यांवर येऊन पडते. शिवाय या पहिल्या यंत्राला तार जिच्यातून आत जाते ती मुख्य आधारनळी हलवता येत नसे आणि ती निसटली तर कुणाला तरी टेबलाकडे जावे लागे. ही उणीव २०१६ च्या ‘कॉरपाथ जीआरएक्स’ने आणखी एका जॉयस्टिकने भरून काढली. त्यानंतर आलेली सुधारणा दिसायला किरकोळ, पण या इतिहासात बहुधा सर्वांत बोलकी आहे: तार मागे ओढताच यंत्र ती आपोआप फिरवू लागले, जेणेकरून पुन्हा ढकलताना टोक दुसऱ्या दिशेला पाहत असेल. चुकीच्या शाखेत शिरलेली तार ओढता ओढता पिळायची, ही सरावलेल्या हातांची जुनीच खोड; जॉयस्टिकने आधी मोडलेली ही जोडी आता प्रणालीत लिहून यंत्राला शिकवावी लागली.

डिसेंबर २०१८ मध्ये डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिराच्या आवारातून सुमारे ३२ किलोमीटरवरील अहमदाबादच्या रुग्णालयातील पाच रुग्णांवर याच यंत्राने उपचार केले. धमनीत सुई टोचण्याचे, सेल्डिंगर यांच्या क्रमातले पहिले काम, टेबलापाशी उभ्या असलेल्या सहकाऱ्यांच्या हातांनीच झाले.